तिसऱ्या पिंजऱ्यातलं साखरपाणी

धुळ्याच्या एका औषधशास्त्र महाविद्यालयात झुलाल प्रयोगाच्या उंदरांची देखभाल करायचे. अमळनेरहून रोज एसटीनं यायचं, भुसा बदलायचा, बाटल्या धुवायच्या, खाणं मोजून टाकायचं. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला एक दाणा जास्त टाकला नव्हता.

यंदा माहेनूर ही पीएच.डी. करणारी मुलगी मलेरियावर काम करत होती. उंदरांना मलेरिया द्यायचा, काहींना औषध द्यायचं, आणि रक्तातली साखर किती उतरते, जंतू मेल्यावर ती कधी वर येते, हे मोजायचं. तिसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांना औषध चालू होतं. जंतू जवळजवळ संपले होते, तरी उंदीर अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहायचे.

झुलालना ते बघवेना. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको कुंदाबाई अशाच मलेरियात खाटेवरून उठताना कोसळली होती. साखर उतरली होती, ग्लुकोजचं सलाईन लागल्यावर तिनं डोळे उघडले. सोमवारी त्यांनी तिसऱ्या पिंजऱ्याच्या बाटलीत चमचाभर साखर विरघळवली. मंगळवारी, बुधवारीही.

गुरुवारी माहेनूरनं शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला आणि जवळजवळ ओरडलीच, "नाना, साखर सावरली! इतक्या लवकर! सरांना आजच दाखवते."

"हां," झुलाल म्हणाले. मग एकच बाटली दोनदा धुतली. एसटीत जागा असून ते उभे राहिले. घरी भाकरी मोडून तशीच ठेवली.

"काय व्हयनं?" कुंदाबाईनं विचारलं.

"काही नही," म्हणत ते अंगणात येरझारा घालू लागले.

शुक्रवारी ते एक गाडी आधीच आले. माहेनूर दारात दिसताच म्हणाले, "ताई, मनी चूक शे. मी त्यासले साखरनं पाणी दिधं."

तिचा चेहरा उतरला. "किती दिवस?"

"तीन."

"उंदरांना साखर हवी होती, हे मलाही दिसत होतं, नाना. पण ती आपोआप कधी वर येते, तेच मला मोजायचं होतं." ती रडवेली झाली होती. वहीतलं ते पान तिनं फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून खाली कारण लिहिलं.

झुलालना काढून टाकावं, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. माहेनूर म्हणाली, "ते बोलले नसते, तर मी हेच खरं म्हणून छापलं असतं." लेखी समज देऊन त्यांना ठेवून घेतलं.

दोन महिन्यांनी नवे उंदीर आले. या खेपेला औषधानं तिसऱ्या दिवशी जंतू गेले, पण साखर खालीच राहिली. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. एक उंदीर मेला. झुलाल पिंजऱ्यापाशी यायचे, खाणं तोलायचे आणि तडक व्हरांड्यात निघून जायचे. आत थांबलं की हात शिवशिवायचे.

नवव्या दिवशी माहेनूरनं त्यांना हाक मारून आत बोलावलं. यंत्रावरचा आकडा वर आला होता. उरलेल्या पाच उंदरांपैकी दोन खाणं कुरतडत होते. झुलालनी तो आकडा मोठ्यानं वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"लिहू ना?" तिनं विचारलं.

"लिहा," ते म्हणाले, आणि तिथंच स्टुलावर बसले.