पाहुण्यांचं स्वागत मारुतीपाशी

मार्च उजाडला की आमच्या शाळेचं नशीब उघडतं. रांजणगावच्या कंपन्यांना वर्षभर न आठवलेली सामाजिक जबाबदारी तेव्हा एकदम आठवते आणि रंगाचे डबे घेऊन आमच्या फाटकात उभी राहते. मी या जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका. माझ्यादेखत एकच भिंत तीन कंपन्यांनी रंगवली. इंजिनिअर पोरं एकसारखे टी-शर्ट घालून यायची, फोटो काढून जायची, आणि उरलेली भिंत आम्ही शिक्षक पुरी करायचो. तक्रार नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.

पण मला हवं होतं ते वेगळंच. हायवेला गर्दी असते म्हणून एका कंपनीच्या बस आमच्या गावातून काढतात. साडेचारला कंपनी सुटते, पाचला शाळा, आणि दोघांची गाठ बरोबर आमच्या फाटकासमोर पडते. निम्म्या पोरांची घरं पलीकडं, मारुतीच्या देवळाकडं. म्हणून आम्ही साखळी करतो. सगळी पोरं हात धरून ओळीत, पुढं मी लाल रुमाल घेऊन, शेवटी चौथीतली एक दांडगी पोरगी. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आसपास दुसरीतल्या एका पोरीची चप्पल बसखाली गेली. पाय तेवढा आधी निघाला होता. पुढं आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.

मार्चमध्ये त्या कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खात्यातल्या, मॅडम आल्या तेव्हा मी म्हटलं, "यंदा रंग नको. तुमच्या बस तेवढ्या शाळेपुढं सावकाश चालवायला सांगा."

मॅडम म्हणजे तशी तरुण पोरगीच, चांगली होती, ओशाळली. "बाई, बस ॲडमिनकडं येतात, मी सीएसआर. आणि कंपनीनं स्वतःच्या कामात केलेली सुधारणा सीएसआरमध्ये धरत नाहीत."

"म्हणजे नुसतं नीट वागलं तर मोजत नाहीत?"

"खर्च दिसायला लागतो ना, बाई." मग तिला एकदम वाट सापडली. "पण रोड सेफ्टी आमच्या विषयात बसते!"

तर भिंत चौथ्यांदा रंगली. सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग आणि एक हसरी बस. रस्त्यावर साधा पांढरा पट्टा नव्हता, भिंतीवर मात्र अख्खं क्रॉसिंग होतं. खऱ्या बस बाहेरून तशाच सुसाट जात होत्या.

उद्घाटनाला कंपनीचे मोठे साहेब येणार असं ठरलं आणि माझं डोकं चाललं. आमच्या गावची रीत अशी, की पाहुण्याला मारुतीपाशी उतरवायचं, नारळ, फेटा, हार करायचा आणि हलगी लावून चालत न्यायचं. साहेबांची गाडी थेट शाळेत येऊ द्या, असं मॅडमचं म्हणणं. सरपंच म्हणाले, "न्हाई मॅडम, गावाचा मान मोडता येत न्हाई." ते माझ्या कटात सामील होते. कार्यक्रम साडेचारला ठेवला. पाहुणे अर्धा तास उशिरा येणार हे मी धरूनच चालले होते, आणि साहेबांनी मला निराश केलं नाही.

पाच वाजता साहेब फेट्याहारासह रस्त्याच्या कडेला उभे. एक बस गेली. दुसरी गेली, तिच्या वाऱ्यानं फेट्याचा तुरा आडवा झाला.

"ही आपलीच ना?" साहेबांनी विचारलं.

"ॲडमिनची, सर," मॅडम म्हणाल्या.

मी लाल रुमाल काढला. "साहेब, आम्ही रोज असं जातो." स्वागताला आलेल्या पोरांनी साखळी केली आणि चप्पलवाल्या पोरीनं साहेबांचा हात धरला. आम्ही निम्म्या रस्त्यात असताना तिसऱ्या बसनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. फेट्याखालचे साहेब त्याला कुठले ओळखू येणार?

"ओ आबा, फेटा बांधून मरायला आलाय व्हय?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. पोरगी त्यांना म्हणाली, "भिऊ नगा, रोजच आसतं."

भाषण त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. सोमवारपासून बस शाळेपुढं गोगलगाय झाल्या. एक फोन गेला असणार, दुसरं काय. त्याला खर्च आला नाही, म्हणून कंपनीच्या अहवालात तो नाही. तिथं भिंतीचा फोटो आहे. मी मात्र पोटभर जेवले.

दिवाळीनंतर साहेबांची बदली झाली. तोंडी हुकूम त्यांच्याबरोबरच गेला आणि बस पुन्हा उधळल्या. आता नवे साहेब आलेत, आणि मार्चही आलाय. परवा मॅडमचा फोन आला, "बाई, यंदा काय हवं?"

म्हटलं, "काय रंगवायचं ते रंगवा. उद्घाटनाला साहेब तेवढे पाठवा. साडेचारला."

फेटेवाल्याला सांगून ठेवलंय. ती पोरगी आता तिसरीत आहे. काल साखळीत हात धरता धरता मला विचारत होती, "बाई, ह्या सायबाला बी मीच न्यायचं का?"