हरवलेला बिट

सुनंदाअक्का कोड वाचायच्या कन्नडमध्ये पुटपुटत, आणि चूक सापडली की रागवायच्या मात्र मराठीत. धारवाडला मळमड्डीत एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. कारखान्यातल्या यंत्रांसाठी आम्ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचो. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, अक्कांच्या ताब्यात.

यंत्रात काही घडलं की बत्तीस बिटांच्या एका संख्येत त्या त्या सेन्सरचा बिट शून्याचा एक व्हायचा. मी बत्तीसही बिट एकेक करून तपासत होतो. अक्का म्हणाल्या, "बंद घरांची दारं कशाला वाजवतोस? दिवा दिसेल तिथेच जा." संख्येतून एक वजा करून मूळ संख्येशी 'अँड' केलं, म्हणजे दोन्हींत एक असेल तिथेच एक ठेवला, की लागलेल्यांपैकी सर्वांत खालचा बिट पुसला जातो. शून्य उरेपर्यंत हेच करायचं. तीन बिट लागलेले असले तर तीनच फेऱ्या. त्या दिवशी अक्का फार खुशीत होत्या.

धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबणारा प्रेस आमच्या कोडवर भराभर चालू लागला. पुढे एक दिवस बसप्पा नावाच्या कामगाराची दोन बोटं त्यात गेली. संरक्षक जाळी उघडी असूनही प्रेस थांबला नव्हता.

अक्कांनी कोड पुन्हा पुन्हा चाळला. बिट पुसून उरलेली संख्या त्यांचा कोड मूळ जागीच परत लिहीत होता. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात जाळीचा बिट लागला, आणि जुन्या संख्येने तो पुसून टाकला. आधी सगळी संख्या एका झटक्यात बाजूला काढून घ्यायची आणि त्या प्रतीवर फिरायचं, एवढंच राहून गेलं होतं.

आमच्या मालकांनी दोष कारखान्यातल्या वायरिंगवर ढकलायचं ठरवलं. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. अक्का मला घेऊन रिक्षाने बेलूरला गेल्या, मॅनेजरना खरं ते सांगितलं आणि तिथून बसप्पांच्या घरी. "कूडरी, अक्का," म्हणत बसप्पा डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढू लागले. उजव्या हाताला बँडेज होतं. अक्का उंबऱ्यातच थांबल्या.

"जाळी उघडल्याचं यंत्राने सांगितलं होतं. ते मी पुसलं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

बसप्पांना कितपत समजलं कोण जाणे. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात मालक म्हणाले, अक्कांच्या कोडमध्ये कधी चूक निघाली नाही. अक्का उठल्या.

"निघाली. बसप्पांची दोन बोटं गेली," एवढंच बोलून त्या बसल्या.

टाळ्यांसाठी उचललेले आमचे हात तसेच राहिले.