आमसुलाच्या पाण्यातल्या पुंगळ्या

आमसुलं कोण संपवतंय, इथून माझा संशय सुरू झाला. कुवेतमधल्या फरवानियातल्या आमच्या खोलीत आम्ही चौघे, आणि मेसचा स्वयंपाक माझ्याकडे. बायकोने गावाहून पाठवलेल्या आमसुलांचा डबा पुढच्या सुट्टीपर्यंत पुरायचा, तो भराभर तळाला चालला होता. मी कुणाला बोललो नाही, नुसता लक्ष ठेवून राहिलो. सुदेशच्या नजरेतून काही सुटत नाही असं खोलीतले माझ्याबद्दल म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत हेही मला कळतं.

चोर निघाला पुंडलिक. कुडाळकडचा, पन्नाशीचा, तिथल्याच राई नावाच्या भागातल्या एका टायरच्या दुकानात कामाला. मालकिणीची गाडीही तोच चालवायचा. इतकी वर्षं कुवेतमध्ये काढली, पण याचं कधी कुणाशी वाजलं नाही. असल्या माणसाचाच मला जास्त संशय येतो.

शुक्रवारी दुपारी सगळे आडवे झाले की तो पातेल्यात आमसुलं भिजवून काहीतरी घासत बसायचा. आमच्याकडे देवाची पितळी भांडी अशीच घासतात, म्हणून मला वाटलं, समई वगैरे असेल. जवळ जाऊन बघतो तर बंदुकीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या. पातेलंभर. मी दोन पावलं मागे सरलो.

"रिकाम्यो आसत रे," पुंडलिक म्हणाला. "मिशारीन घासूक दिल्यान."

मिशारी हा मालकिणीचा मुलगा. त्याला शिकारीचा नाद. वापरलेल्या पुंगळ्या फेकायच्या नाहीत, त्यातच पुन्हा दारू आणि गोळी भरून घरच्या घरी काडतूस तयार करायचं, हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. त्यासाठी दांडा दाबून चालवायचं एक मशीनही त्याने आणलं होतं. आणि त्याला पुंडलिकचं नाव सुचवलं कुणी, तर पुंडलिकनेच. चहा पिता पिता हा शहाणा बोलून गेला, की आमच्या गावी रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक असते, बार आम्ही घरीच भरतो. गावची शेतीसंरक्षणाची जुनीपुराणी लायसनची बंदूक कुठे आणि हे मशीन कुठे. पण त्या पोराने ऐकलं ते एवढंच, की याला भरता येतं. असाच बार उडून आपल्याच बापाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, हे सांगायचं मात्र पुंडलिकच्या तोंडी आलं नाही. फुशारकी मारताना असलं कोण सांगतं?

"नुसत्या घासतोस ना? भरत नाहीस ना?" मी विचारलं.

"नाय."

मी विश्वास ठेवला नाही. तो कामावर गेला की त्याच्या खाटेखाली बघायला लागलो. एक दिवस खोकं सापडलं. आत ते मशीन, आणि बाजूला घट्ट झाकणाचे दोन डबे. उघडायची माझी छाती झाली नाही. हाताच्या अंतरावर आमचा गॅस होता.

संध्याकाळी त्याला फैलावर घेतलं, तेव्हा खरं बाहेर आलं. मिशारीच्या आईने सांगितलं होतं, असलं काही माझ्या घरात नको, आजच्या आज काढून टाक. मग पोराने ते काढलं आणि आणून पुंडलिककडे ठेवलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या बंगल्यात चालत नाही ते आमच्या खोलीत चालतं? आम्ही काय माणसं नाही? आणि उद्या धाड पडली तर मिशारीला कोण हात लावणार? चौघांच्या सिव्हिल आयडीवर पत्ता याच खोलीचा.

"नाय म्हटलंय तर अकामा अडकतलो," पुंडलिक म्हणाला. त्याच्या अकाम्याचं, म्हणजे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण तोंडावर आलं होतं आणि कागद मिशारीच्या हातात होते. गावी दर्शना, त्याची मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.

"दुकान आईच्या नावावर आहे ना? मग तिला सांग," मी म्हणालो. "उद्या खोकं इथे दिसलं तर पोलिसांना मी स्वतः सांगणार." धमकी नव्हती. मी सांगितलंच असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने खोकं गाडीच्या डिकीत घातलं आणि मालकिणीपुढे नेऊन उघडलं. तिला दुकानातले सगळे मामा म्हणतात, तिकडे मालकिणीला आई अशा अर्थाने तसंच म्हणायची पद्धत आहे. मोडक्यातोडक्या अरबीत त्याने बापाच्या हाताचं सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं, मुलाला बोलावून चार शब्द सुनावले, खोकं तिथून हलवायला लावलं. मग पुंडलिकला एकच विचारलं, हे तुझ्याकडे कधीपासून होतं?

"रमजानच्या आधीपासून, मामा."

"आणि रोज माझी गाडी चालवत होतास, तरी बोलला नाहीस."

आवाज चढवला नाही तिने. पण अकामा वाढवला नाही. पगार, तिकीट, सगळं नियमाने दिलं. मिशारी आजही शिकारीला जातो. मला त्या बाईचा भयंकर राग आला. पण मीही तिच्या जागी त्याला गाडीवर ठेवला नसता, हे खोटं कशाला बोलू?

जायच्या दिवशी मी त्याची बॅग खाटेवर उपडी केली. एखादी पुंगळी अस्तरात राहिली आणि विमानतळावर सापडली, तर हा घरी पोचायचाच नाही. शर्ट झटकले, बुटांत हात घातला, मुलीसाठी घेतलेल्या खजुराचं पाकीटही चाचपलं. बाकीचे दोघे मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. काही सापडलं नाही.

"इतकी वर्सां एका खोलयेत रवलंव," पुंडलिक म्हणाला. "पोलिसांनी बघल्यानी आसता तर माका काय एक वाटला नसता."

"तुझ्याच भल्यासाठी बघतोय," मी म्हणालो.

तो उठला. पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले आणि माझ्यासमोर तसाच उभा राहिला. मी तेही बघून घेतले.