भाऊ पाहिजे की मामा?

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. रक्ताचा तो एक मात्र लख्ख आठवतो, कारण त्याचा राग अजून उतरलेला नाही.

कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या एका पोलीस ठाण्याची मी प्रमुख होते. जवळच्या रुग्णालयाच्या जिन्यावर तंबाखूच्या वखारीतला एक हमाल चक्कर येऊन पडला. दोन्ही कोपरांच्या आत सुयांच्या खुणा. नशेचा मामला असेल म्हणून मी गेले. कॅन्टीनवाल्या आक्का हळूच म्हणाल्या, "नशा कसली मॅडम? ह्याची भैण दर म्हैन्याला बाळंत होतीया. लई मोठं खानदान दिसतंय."

हमालाचा जबाब मी खाटेशेजारी बसून कन्नडमध्ये लिहिला आणि त्याला मराठीत वाचून दाखवला. तिथल्या रक्तपेढीत पिशवी हवी असेल, तर बदल्यात रक्त देणारा नातेवाईक आणावा लागे. ज्यांच्या घरचं कुणी पुढे येत नसे, त्यांचा हा भाड्याचा भाऊ. एकदा रक्त दिल्यावर पुन्हा देण्याआधी तीन महिने जायला हवेत. हा महिन्या-महिन्याला देत होता आणि अंगात रक्त पुरेसं आहे का, हे पेढीत त्याचं बोट टोचून बघायची कुणाला सवड नव्हती. मध्ये झालेली कावीळही त्याने लपवली होती. "आजार इचारला की न्हाय म्हणायचं, येवढंच शिकवलंय," तो म्हणाला. ताजा संसर्ग तपासणीत कधी कधी सापडत नाही, म्हणून तर देणाऱ्याला प्रश्न विचारतात. शिकवणाऱ्याचं नाव मात्र त्याच्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी साध्या साडीत, डब्याची पिशवी घेऊन मी बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर बसले. दुपारी एक टापटीप माणूस शेजारी टेकला.

"आक्का, भाऊ पायजे का मामा?"

फरक काय, मी विचारलं.

"रेट एकच. पर मामाला आईच्या म्हायेरचं आडनाव इचारत्यात. भाऊ घ्या, सोपं पडतंय."

मी त्याचं मनगट धरलं. माझे कॉन्स्टेबल आले. तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक तरुण उठला. आत त्याची बायको बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता.

"मॅडम, ह्येला मागनं घेऊन जावा. आमचा माणूस ह्योच आणणार हाय."

त्याच्या शेजारी धाकटा भाऊ बसला होता. दोघेही तालमीतले, मांडीएवढाले दंड. तुम्ही का देत नाही, असं विचारल्यावर त्यांची आई, बाळंतिणीची सासूच बोलली, "धाकट्याचं लगीन ठरतंय. रगात काढलंय म्हटल्यावर पोरगी कोण दील? आन् थोरल्याला शेताचं काम हाय."

"आज सून गेली, तर थोरल्याचंही लग्न ठरवाल," मी म्हटलं. "त्या पंक्तीला मला बोलवा. गणवेशात येईन."

मग धाकटा उठला. आईने हात धरला, तर "आये, सोड" म्हणून रक्तपेढीच्या खिडकीकडे गेला. त्याच्या मागून नवरा. पिशवी आत गेली, बाई वाचली. एका चहाच्या वेळेचं काम होतं, आणि त्यासाठी हे लोक सकाळपासून दलालाची वाट बघत होते.

तिथेच पंचनामा उरकून आम्ही दलालाला घेऊन निघालो. रक्तपेढीच्या खिडकीशी संकेश्वरकडचे एक आजोबा उभे होते. आतून आवाज आला, "माणूस आणा, मग पिशवी." पोलीस समोर उभे असताना.

दलाल हसला. "ऐकलंसा का मॅडम? हे दुकान मी एकट्यानं काढलंय व्हय?"

त्याला शिक्षा झाली. हमालालाही आरोपी करावं लागलं. खिडकीआडच्यांविरुद्धचा माझा अहवाल वर गेला आणि वरच राहिला. नियमाने बदल्यात माणूस आणायची सक्ती करताच येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. साठा आधीच भरून ठेवणं हे रुग्णालयाचं काम, आणि न बोलावता येऊन रक्त देणं धडधाकट माणसांचं. दोघेही हात झटकतात, म्हणून बाळंतिणीच्या दारात भाऊ विकायला माणूस बसतो. गुन्हेगार पकडला की गुन्हा संपतो, हा माझा समज त्या प्रकरणाने मोडला.

पुढे त्याच रुग्णालयाने माझा सत्कार ठरवला. मी निरोप धाडला, शाल नको, पिशव्या भरून ठेवा. शाल त्यांनी माझ्या वरिष्ठांना दिली.