सुपारी दुसऱ्या घरात होती

दिगंबरच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या गांधी चौकात ऑटोत बसलो होतो. "भाऊजी, हे गेले. सकाळची पूजा आटोपली, आसनावरून उठले अन् परत बसले... बसलेच." मी ऑटोवाल्याला तसाच बडनेरा स्टेशनवर घ्यायला सांगितलं. अकोल्याकडची गाडी मिळाली. मूर्तिजापूरला ती दोन मिनिटं थांबते. दिगंबर आणि मी तिथलेच, शाळेत एका बाकावरचे, म्हणून त्या फलाटावर मी नेहमी दारात येऊन उभा राहतो. त्या दिवशी उठलो नाही. त्या वेळी माझ्या मनात पहिला आला तो विचार दुःखाचा नव्हता, हे आज लिहून टाकतो. विचार असा होता की ती गोष्ट सांगायची राहिली. आता दीड महिना झाला. गोष्ट तेवढीच आहे, ज्याला सांगायची तो माणूस नाही. म्हणून ती सगळ्यांना सांगतो.

दिगंबर अकोल्यात भिक्षुकी करायचा, मी अमरावतीत वकिली केली. तो मला नावाने हाक मारत नसे, 'वकील' म्हणायचा. पासष्टी ओलांडल्यावर त्याला पत्त्यांचं वेड लागलं. रमी, तीनपत्ती नव्हे. त्याची मुलगी पुण्याला बिऱ्हाड हलवताना मुलांचा एक खोका मागे ठेवून गेली. त्यात राक्षस, योद्धे, पंखवाले वाघ अशी चित्रं असलेले शे-दोनशे पत्ते होते आणि प्रत्येकावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. वहिनी तो खोका रद्दीत टाकणार होत्या. दिगंबरने भिंग घेऊन एक पत्ता वाचला, मग दुसरा, आणि मला फोन केला. "वकील, इकडं ये. हे लेकरांचं काम नाही. ह्यात लय नियम हायेत." नियम म्हटल्यावर मी गेलोच. त्याचं आयुष्य विधीत गेलं, माझं कायद्यात. म्हातारपणी दोघांना एकाच ताटात जेवायला मिळाल्यासारखं झालं.

खेळ वरवर सोपा आहे. प्रत्येक योद्ध्यावर त्याच्या ताकदीचा आकडा असतो. एकाने हल्ला केला की दोन आकडे ताडून पाहायचे, कमी आकड्याचा मेला. पण हातात आणखी काही पत्ते लपवलेले असतात, आणि त्यांतला एखादा मधेच टाकून ताकद वाढवता किंवा घटवता येते. मधेच म्हणजे नेमकं कधी, यावरच सगळी भांडणं. दिगंबरने इंग्रजी नियमांची पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली आणि एका प्लायच्या तुकड्यावर खडूने पाच घरं आखली. आरंभ, मोजणीआधी, मोजणी, मोजणीनंतर, शेवट. लढाई सुरू झाली की पहिल्या घरात पूजेतली एक सुपारी ठेवायची आणि लढाई सरकेल तशी ती पुढे सरकवायची. ताकद बदलणारा पत्ता पहिल्या दोन घरांत चालतो. सुपारी तिसऱ्यात गेली, मोजणीला हात लागला, की तो पत्ता म्हणजे कागद. आणि एका घरातून दुसऱ्यात जाण्याआधी समोरच्याला विचारायचं. तो 'नाही' म्हणाला तरच पुढे. दिगंबरचं विचारणं ठरलेलं होतं. "काही म्हणणं आहे?" विचारून तो खरोखर थांबायचा. यजमानाला संकल्प सांगतानाही तो असाच थांबे. एकदा सत्यनारायणात यजमान मोबाइलवर कपाशीचा भाव विचारत बसले, तर हा पळीत पाणी धरून तसाच. मी चिडलो तर म्हणाला, "अरे, त्यानं हो म्हटल्याबिगर पूजा कोनाची म्हनायची? माही?"

शेवटच्या घरासाठी काही वेगळेच पत्ते असतात. योद्धा मेल्यावरच त्यांचा परिणाम सुरू होतो. दिगंबरचे ते लाडके होते. "हे मेल्यावर बोलतात," म्हणायचा.

अमरावतीत कोचिंग क्लासच्या मुलामुलींत हा खेळ रुजलेला होता. दर रविवारी पन्नास-साठ जण एका हॉलमध्ये जमत. दिगंबर अकोल्याहून पॅसेंजरने यायचा, धोतर, खांद्याला झोळी, झोळीत प्लायचा तुकडा आणि सुपारी. पहिल्या दिवशी मुलं हसली. महिन्याभरात सगळे टेबलावर पाच घरं आखू लागले आणि त्याला 'गुरुजी' म्हणू लागले. मला त्यांनी पंच केलं, वकील म्हणून. निकाल लिहायला एक रजिस्टर होतं. ते माझ्या हस्ताक्षरात आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी अंतिम सामना दिगंबर आणि मानसीचा होता. मानसी बाळापूरकडच्या शेतकरी घरातली, तेव्हा इंजिनिअरिंगला होती, आणि आमच्यात सगळ्यांत चलाख खेळायची. हॉल पाच वाजता रिकामा करायचा होता. रखवालदार दोनदा डोकावून गेला होता. मानसीने हल्ला केला. सुपारी पहिल्या घरातून दुसऱ्या घरात आली. दिगंबर हातातले पत्ते बघत होता, नेहमीसारखा सावकाश. माझ्या डाव्या हातात चहाचा कप होता. उजव्या हाताच्या दोन बोटांनी मी सुपारी तिसऱ्या घरात सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं. 'काही म्हणणं आहे?' असं कुणी विचारलं नव्हतं. मला उशीर होत होता, एवढंच. आणि त्याच क्षणी दिगंबरने आपल्या योद्ध्याची ताकद वाढवणारा पत्ता खाली ठेवला.

"गुरुजी, सुपारी तिसऱ्यात हाये!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळ्यांनी सुपारीकडे पाहिलं. मीही पाहिलं, जणू ती तिथे आपली आपण चालत गेली होती. चाळीस वर्षं मी साक्षीदारांना शपथेवर उलटतपासलं आहे. 'ती मी सरकवली' हे तीन शब्द मला आले नाहीत. मी म्हणालो, "मोजणी सुरू झाली. पत्ता परत घ्या."

"पण मले कोनी विचारलंच नाही," दिगंबर म्हणाला.

"सुपारी कुठं आहे ते बघ."

मागचा एक मुलगा बोलला, "गुरुजी, मुहूर्त टळला नं तुमचा!" आणि हॉल हसला. दिगंबरने सुपारीकडे पाहिलं नाही. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग "बरं" म्हणून पत्ता उचलला आणि दोन चालींत हरला.

इथपर्यंत घाईची चूक म्हणता येईल. पुढची घाईची नव्हती. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'वेळ गेल्यावर पत्ता टाकण्याचा प्रयत्न. अमान्य.' 'प्रयत्न' या शब्दाची किंमत वकिलाला सांगावी लागत नाही. चूक होते, प्रयत्न केला जातो. त्या एका शब्दाने माझा हात झाकला गेला आणि त्याचा उघडा पडला. मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी त्या पानाचा फोटो टाकला. 'गुरुजी पण?' असं खाली कुणी लिहिलं. दिगंबर अमरावतीला परत आला नाही. गुडघे दुखतात म्हणाला. गुडघे त्याचे आधीपासूनच दुखत होते.

आमची मैत्री तुटली नाही, हे त्याहून वाईट. तो फोन करायचा, नव्या पत्त्यांचे मजकूर वाचून दाखवायचा. घरच्या बैठकीत त्याने खेळ चालू ठेवला. शेजारपाजारचे येत, आणि कुणी नसलं की तो वहिनींना बसवायचा. "माहा हात चालत नाही इतका यांचा वाघ चालते," असं वहिनी म्हणत, पण खेळत. गेल्या हिवाळ्यात मी गेलो होतो. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत झालं. वहिनी आत गेल्या. मी म्हणालो, "दिगू, त्या रविवारी..." आणि थांबलो. तो पत्ते पिसत होता. हात थांबवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी खेळातल्या आवाजात विचारलं, "काही म्हणणं आहे?"

तो थांबला. मला वाटतं, पूर्ण एक मिनिट थांबला असेल. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता...

मी म्हणालो, "नाही."

"बरं," तो म्हणाला आणि पत्ते वाटले.

तेरवीला वहिनींनी मला त्याची नियमांची वही दिली. "तुमच्याच कामाची. पोरीले यातलं काही समजत नाही." निळ्या शाईत, बाळबोध वळणात सगळा खेळ मराठीत उतरवलेला. लढाईच्या प्रकरणात सोळा नियम होते आणि खाली वेगळ्या, काळ्या शाईत सतरावा. 'सुपारी पंचाने सरकवू नये. ज्याला विचारलं त्याने "नाही" म्हटल्यावर त्यानेच आपल्या हाताने सरकवावी. पंचाला घाई असू शकते.' पुढे तारीख होती, त्या रविवारनंतरच्या सोमवारची. माझं नाव नव्हतं, तक्रार नव्हती. त्याला ठाऊक होतं, दुसऱ्याच दिवशी ठाऊक होतं. आणि त्याने माझ्यावर आरोप करायच्या ऐवजी नियम दुरुस्त केला होता.

पुढच्या रविवारी मी ती वही घेऊन हॉलमध्ये गेलो. मानसी आता नोकरी करते, पण येते. सगळ्यांसमोर मी काय घडलं ते सांगितलं, कप कोणत्या हातात होता तेसुद्धा. मग मानसी म्हणाली, "तीन वर्षं, काका? गुरुजी जिते होते तवा काहून नाही बोलले?"

"धीर झाला नाही."

"अन् मी तो जिंकल्याचा कप घरी शोकेसमध्ये ठेवून राहिली!" ती रागावलेली होती आणि मी तिला शांत करायला गेलो नाही. तो राग माझ्या वाट्याचाच होता. तिने वही ओढून घेतली, सतरावा नियम दोनदा वाचला, रजिस्टरचं जुनं पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "लिहा. तुमच्याच हातानं. अन् 'प्रयत्न' खोडा पयले."

मी खोडलं. खाली लिहिलं, 'सुपारी दुसऱ्या घरात होती. ती पंचाने सरकवली. दिगंबर यांचा पत्ता वेळेत होता. मान्य.' आणि सही केली. मानसीने त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्या दिवसापासून हॉलमध्ये कुणीही पंच सुपारीला हात लावत नाही. एकवीस-बावीस वर्षांची मुलं हल्ला करून थांबतात आणि विचारतात, "काही म्हणणं आहे?" काही जण तर दिगंबरच्या सुरात. ऐकताना मला हसू येतं, आणि बरंही वाटतं. मानसी वही टाइप करून घेते आहे. मुखपृष्ठावर नाव त्याचंच.

एक राहिलं होतं. वहिनींना सांगायचं. हॉलमध्ये साठ जणांसमोर बोललो तेव्हा गाठ सुटली असं वाटलं होतं, पण अकोल्याची गाडी पकडायला पाय निघेना. त्यांच्या नवऱ्याला लोक हसले ते त्यांना माहीत होतं. का हसले ते नव्हतं. शेवटी गेल्या रविवारी गेलो. बैठक तशीच होती. कोपऱ्यात आसन, टेबलावर भिंग, आणि प्लायच्या तुकड्यावरची घरं पुसट झालेली. वहिनींनी चहा दिला आणि खोका उघडला. "बसा. दीड महिना झाला, कोनी खेळलं नाही माह्यासंगं." आम्ही खेळायला बसलो. चौथ्या-पाचव्या चालीत त्यांनी पंखवाला वाघ माझ्यावर सोडला. वापरून गुळगुळीत झालेली सुपारी पहिल्या घरातून दुसऱ्यात आली. माझ्याकडे बघून वहिनींनी विचारलं, "काही म्हणणं आहे, भाऊजी?"

माझे दोन्ही हात मांडीवर होते. हातात ताकद वाढवणारा एकही पत्ता नव्हता.

"आहे," मी म्हणालो. "पण ते खेळातलं नाही. वेळ लागेल."

वहिनींनी हातातले पत्ते पालथे ठेवले, पदर सावरला आणि मागे टेकून बसल्या.

"मंग सांगा नं. सुपारी काय पळून चालली?"