लेकरानं घेतलेली परीक्षा

माझं लग्न ठरून मोडलं, हे आमच्या साखऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. काहून मोडलं, याच्या मात्र गावात वेगवेगळ्या हकिकती फिरतात आणि त्यातल्या एकीतही मुलाचा दोष नाही. म्हणून खरी हकिकत मीच लिहून ठेवते.

तेव्हा मी हिंगोलीला एका रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते. अजूनही तिथंच आहे. स्थळ मामांनी आणलं. मुलगा जवळा बाजारचा, पुण्याला कंपनीत इंजिनिअर. बघायला आला तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून बसला होता. आईला तो तेवढ्यावरच पसंत पडला. "लई गरीब स्वभावाचं लेकरू हाय," ती म्हणाली. लेकरू एकोणतीस वर्षांचं होतं आणि कपाळावरचे केस मागं सरकायला लागले होते. साखरपुडा झाला. लग्न हिवाळ्यात, विहारात, साधेपणानं करायचं ठरलं.

मग तो रोज फोन करायला लागला. बोलायचा भरपूर. कंपनी, पगार, साहेबाचा त्याच्यावरचा विश्वास. मी लॅबमधलं काही सांगायला लागले की "हां, हां" म्हणून तो परत स्वतःवर यायचा. असतात अशी माणसं, म्हणून मी सोडून दिलं.

त्याच सुमारास मला एका मुलीची रिक्वेस्ट आली. नांदेडच्या आमच्या कॉलेजात माझ्यामागच्या बॅचला होते म्हणाली. फोटोत हळदीचे कपडे घातलेली, हसतमुख. कॉलेजातल्या ओळखीच्या दोघीतिघी तिच्या यादीत होत्या. मी रिक्वेस्ट घेतली. आधी ती नोकरीचं विचारायची, कुठल्या लॅबमध्ये जागा आहे वगैरे. मग हळूहळू घरातलं. मग, "ताई, कॉलेजात कुणी होतं का तुमचं?"

मी लिहिलं, "एक होता. रोज माझ्या डब्यातली भाजी खायचा. आता त्याचं लग्न झालं, बायकोच्या डब्यातली खातो."

"आणि जिजू कसे आहेत?"

"बोलतात छान. ऐकत न्हाईत."

एवढंच. पुढं तिनं माझे फोटो मागायला सुरुवात केली. आधी ड्रेसचा रंग बघायचाय म्हणून. मग केस मोकळे सोडून. मग ओढणी न घेता. तिथं मला वास आला. कॉलेजातल्या दोघींना फोन केला तर त्या म्हणाल्या, आमाला वाटलं तुझी ओळखीची असंल. म्हणजे आम्ही तिघीही एकमेकींच्या भरवशावर होतो आणि त्या मुलीला कुणीच ओळखत नव्हतं. मी अख्ख्या चॅटचे आणि तिच्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि तिला ब्लॉक केलं.

आठवड्याभरात मुलाकडची मंडळी आमच्या घरी आली. तो स्वतः, त्याचे काका आणि त्याची आत्या. आमच्याकडून आई, बाबा, मामा. चहा झाला. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "विषय जरा नाजूक हाय." मुलानं खिशातून फोन काढला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावला आणि वाचलं. डब्यातल्या भाजीचं वाक्य वाचलं. 'ऐकत न्हाईत' वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"हे तू लिहिलं?"

"व्हय," मी म्हणाले. "पण हे मी एका पोरीला लिहिलं होतं. यांच्याकडं कसं आलं?"

काकांनी मुलाकडं बघितलं, मुलानं कपाकडं. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, आणि त्यात त्यांना काही लपवण्यासारखं वाटलं नाही. "ती पोरगी न्हाई, ह्योच होता. आजकाल पारखून घ्यावं लागतं, बाई. भाजी घेतानाबी आपण दाबून बघतो."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, बघायला आला तेव्हा बसला होता तसाच. आईला जो गरीब स्वभाव वाटला तो हा होता. महिनाभर हा माणूस बाई होऊन माझ्याशी बोलला होता, रात्री फोनवर नवरदेव म्हणून बोलत होता, आणि आता न्याय मागायला आमच्याच घरात चहा पिऊन बसला होता.

मामा माझ्यावरच घसरले. "अनोळखी माणसाशी कशाला बोलायचं? आपली जबाबदारी आपण सांभाळायला पाह्यजे का न्हाई?"

"पाह्यजे," मी म्हणाले. "रिक्वेस्ट घेताना मी चौकशी केली न्हाई, ते मी कबूल करते. आता त्यांची जबाबदारी त्यांना विचारा." मी माझा फोन आणला आणि अख्खी चॅट बाबांना दिली. "त्यांनी तुमाला तीन पानं दाखवली. ही राह्यलेली."

बाबा वाचत खाली खाली गेले. त्यांनी शेवटचा भाग मोठ्यानं वाचला नाही. फोन काकांकडं दिला. काकांनी वाचला आणि आत्याबाईंकडं न देता पालथा करून सतरंजीवर ठेवला. आत्याबाईंनी तो उचललाच.

"ओढणी न घेता," मी त्याला विचारलं, "हीबी पारखच होती का?"

"गंमत होती ती," तो म्हणाला. "लग्न तर ठरलंच होतं ना आपलं."

"आणि हा फोटो कुणाचा लावलाय?"

"कुणाचा न्हाई. नेटवरून घेतला."

बांधावरचं बोर तोडून खावं, तितक्या सहज म्हणाला. तोपर्यंत मला राग होता. त्या वाक्यानंतर राग गेला आणि नुसती किळस राहिली. बाबा उठले, आतून अंगठी घेऊन आले आणि काकांच्या हातावर ठेवली. "आमच्या पोरीची परीक्षा झाली," ते म्हणाले. "आता या तुमी." बाबा फार बोलणारे नाहीत. मामा पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

गावाच्या लेखी गोष्ट इथं संपते. माझ्या डोक्यातून मात्र ती हळदीतली पोरगी जाईना. त्या अकाउंटवर तिचे पाच-सहा फोटो होते. एका फोटोत ती कामावर असावी, मागं साड्यांच्या घड्या आणि दुकानाच्या पाटीची अर्धी अक्षरं. पाटीवर खाली औंढा लिहिलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी बसनं औंढ्याला गेले. देवळाच्या रस्त्याला साड्यांची दुकानं विचारत फिरले आणि ती सापडली. काउंटरवर एका म्हाताऱ्या बाईला काठापदराची साडी उलगडून दाखवत होती. म्हातारी गेल्यावर मी फोन तिच्यापुढं धरला.

तिनं फोटो बघितले. एकेक बोटानं मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "हे माझ्या भावाच्या हळदीतले, आणि हा दुकानातला. मी फक्त पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकले होते." त्या लग्नाला जवळा बाजारहून भावाचे मित्र आले होते. त्यांच्यातलाच कुणीतरी आमच्या लेकराचा मित्र असणार.

तिनं मला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधीपासून दुकानात अनोळखी पोरं येत होती. साडी बघायची नाही, नुसतं उभं राहायचं आणि विचारायचं, "काल तर गोड बोलून राह्यली होतीस, आज ओळख काहून देत न्हाईस?" म्हणजे नवरदेव त्या अकाउंटवरून माझ्या एकटीशी बोलत नव्हता. दुसऱ्या पोरांशीही बाई होऊन बोलायचा, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. एकदा तिच्या भावानं ते ऐकलं. त्यानं तिचा फोन काढून घेतला. मालकानं सांगितलं, असं चाललं तर दुसरीकडं काम बघ. "मी रडून सांगितलं की मी न्हाई," ती म्हणाली. "कुणाला खरं वाटंना. हळूहळू मलाच वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकलं असंल."

भाऊ तक्रारीला तयार नव्हता. "जाऊ द्या, आपलीच बदनामी," म्हणाला. बहिणीचा फोन काढून घेताना मात्र त्याला बदनामी आठवली नव्हती. ती भावाला न विचारता माझ्यासोबत हिंगोलीला आली. तिथं एका महिला पोलिसानं आमचं सगळं ऐकून घेतलं. आम्हाला आधीच कल्पना होती की अकाउंट एव्हाना पुसलेलं असणार. ते पुसलेलंच होतं. "तुमी स्क्रीनशॉट ठेवले ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "बाया रागात पहिलं पुसून टाकतात."

त्याला बोलावणं गेल्यावर काका माझ्या लॅबवर आले. "लेकरू हाय ते," म्हणाले. "नोकरीवर पाणी पडंल त्याच्या." आमच्याकडं पुरुषमाणूस किती दिवस लेकरू असतो, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. मी म्हणाले, तक्रार माझ्या एकटीची न्हाई, तिच्याकडं जा.

ते तिच्याकडं गेले. तिनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "त्यांनी दुकानात यावं. मालकासमोर आणि माझ्या भावासमोर सांगावं की बोलणारा कोण होता. मग तक्रारीचं बघू."

तो आला. मीही गेले होते, मुद्दाम, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेला, साड्यांच्या ढिगाजवळ उभा राहून फरशीकडं बघत तो काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्यानं बोला," मालक म्हणाला. "पंखा चालू आहे."

"ते मेसेज मी करत होतो," तो म्हणाला. "यांना माहीत नव्हतं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यातल्या एका बाईनं हातातली साडी खाली ठेवली आणि त्याच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. भावानं खिशातून बहिणीचा फोन काढून काउंटरवर ठेवला. माफी मागितली नाही. मालकानंही मागितली नाही, फक्त तिच्यासाठी चहा सांगितला.

काकांनी तक्रार मागं घेण्याचं विचारलं तेव्हा ती घड्या घालत म्हणाली, "मागं घेते असं मी कुठं म्हणलं? बघू म्हणलं होतं. बघितलं. न्हाई घेणार."

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्याकडून आईला एक साडी घेतली.

तक्रारीचं काम चालू आहे, संथ आहे. त्याची नोकरीही चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ लॅबमध्ये आले, वसमतकडचे. त्यांच्या मुलीचं त्याच्याशी ठरत होतं, चौकशी करायला आले होते. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, स्क्रीनशॉट दाखवले, पोलिसातलं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दोनदा मान हलवली.

"म्हणजे दारूबिरू न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत न्हाई."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "पोरं करतात असलं. उलट जपून पाऊल टाकणारा दिसतो."

मी त्यांना मुलीचा नंबर मागितला. तिच्याशी मला बोलायचं होतं. ते हसले आणि म्हणाले, "पोरीला आमी फोनच दिला न्हाई. आपली जबाबदारी असते."

एवढं बोलून ते उठले. आपण मोठं काम उरकलं, असं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. आत एक पेशंट बाही वर करून बसला होता. मी हातमोजे घातले आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधला.