अधांतरी टाच
जुन्या पुस्तकाच्या बांधणीतल्या खळीचा वास आला की मला अकोल्याचा मोर्णेवरचा पूल आठवतो. अमरावतीच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांनी मला एक जुनी कादंबरी वाचायला दिली होती. तिचा नायक दगडात कोरलेल्या बाईच्या टाच उचललेल्या चालीवर वेडा होतो, तिला शोधत भटकतो, आणि शेवटी सापडते ती त्याची बालमैत्रीण. मनाचे मोठमोठे डॉक्टर म्हणे या गोष्टीवरून प्रेमाचं वेड उकलायला शिकले. मी नुसतं वेड शिकलो. सुटीत अकोल्याला आलो, तर एक मुलगी रोज पुलावरून जुन्या शहराकडे जायची, उजवी टाच अधांतरी ठेवून. आठवडाभर मी तिच्या मागे चाललो. खाली नदीला शेवाळाचा वास, वर मी घामेजलेला. शेवटी धीर करून विचारलं, "आपण लहानपणी एकत्र खेळलो होतो का?" ती थांबली. "लहानपणी टाच भाजली माही. त्यात पाह्यण्यासारखं काय हाये? तुमी मागं मागं येता, हे बाबाले समजलं. सोमवारपासून मास्तरणीचं ट्रेनिंग बंद करून राहिले ते माहं. आता खेळा." कादंबरीतला नायक शेवटी बरा होतो; मी तिथल्या तिथे झालो आणि पहिल्या गाडीनं अमरावतीला पळालो. पण अजूनही कुठल्या शाळेवरून जाताना वर्गात शिरणाऱ्या बाईंच्या टाचांकडे माझी नजर जाते. एखादी तरी अधांतरी दिसावी, एवढंच. हे वेड कोणत्या डॉक्टरला दाखवावं, ते काही कळत नाही.